मला चुलीजवळ ठेवू नका

मित्रांनो, काल तुम्ही शाळेतून आलात, माझ्या दांड्याला लाल दोरीने एक चिठ्ठी बांधलीत आणि गेलात. चिठ्ठीवर लिहिलं आहे, 'जुनी पहार. शाळेच्या संग्रहालयासाठी.' तुमच्यातली दोन वेण्यांची एक मुलगी जाता जाता मागे वळली आणि म्हणाली, "बिचारी! इतकी वर्षं थंडीत उभी आहे. आमच्या खोलीत मस्त ऊब आहे हं." मुलगी मायेची आहे, यात शंका नाही. पण ते 'बिचारी' मला लागलं.

मी एक जुनी पहार आहे, बर्फ फोडायची. खाली हातभर लोखंड, वर भूर्जाचा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला घोड्याच्या शेपटीच्या केसांचा विणलेला फास. गोठ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीला टेकून मी उभी असते. तिथे हिवाळ्यात ऊन फिरकत नाही. पण मला तिथे कुणी टाकून दिलेलं नाही. का ठेवलं आहे ते आधी ऐका, आणि मग ती चिठ्ठी ठेवायची की सोडायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

जन्माने मी पहार नव्हते. मी एका मालवाहू ट्रकच्या मागच्या आसाचा तुकडा. तो ट्रक एका जानेवारीत गावाबाहेर बंद पडला तो कायमचाच. लोकांनी त्याचे पत्रे नेले, चाकं नेली, आरसा एका म्हातारीने केस विंचरायला नेला. आस किर्गेलेय लोहाराने नेला आणि भट्टीमागे टाकून दिला. दोन वर्षं मी तिथे राखेत पडून होते. किर्गेलेय रोज सकाळी भट्टी पेटवताना अग्नीला लोण्याचा घास द्यायचा आणि मग दिवसभर ऐरणीवर घण घालायचा. घणाच्या आवाजाने त्याचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे तो साधं बोलला तरी भांडतो आहे असं वाटायचं.

एका शरद ऋतूत, तळ्याच्या काठाला सायीइतका पातळ बर्फ धरू लागला होता तेव्हा, बालागिया त्याच्याकडे आली. अंगाने लहानखुरी, वय चाळिशीच्या आसपास. तिचा नवरा मेहेले त्याच उन्हाळ्यात गवत कापणीच्या दिवसांत आजारी पडून गेला होता. तिच्या मागोमाग तिचा धाकटा दीर न्युकुलाय आला. बालागिया लग्न होऊन आली तेव्हा हा शेंबडा पोर होता. आता त्याच्या गोठ्यात अकरा गाई होत्या आणि आवाजात अकरा गाईंचा रुबाब होता.

"सांगा बघू!" किर्गेलेय ओरडला. आमच्याकडे आल्यागेल्याचं स्वागत असंच करतात.

"सांगण्यासारखं काही नाही, तुम्हीच सांगा," बालागिया रीतीप्रमाणे म्हणाली आणि लगेच मुद्द्यावर आली. "आजोबा, मला पहार करून द्या. माझ्या मापाची."

"मापाची? तू काय बूट शिवून घ्यायला आलीस पोरी?"

"तुम्हीच समजवा हिला, आजोबा," न्युकुलाय मधेच बोलला. "तीन गाई आहेत हिच्याकडे. माझ्या अकरांत तीन वाढल्या तर काय आभाळ कोसळणार आहे? हिने पण यावं. चुलीजवळची जागा देतो. घरात पोरंबाळं आहेत, करमेल."

"आणि माझी चूल?"

"असू दे की. उन्हाळ्यात येऊन पेटव."

"उन्हाळ्यात पेटवायला ती चूल आहे की डास पळवायचा धूर?" बालागिया म्हणाली.

मित्रांनो, न्युकुलाय वाईट नव्हता. त्याला खरंच वहिनीची काळजी होती. पण त्याची काळजी अशी, की समोरच्याला बोलायला जागाच ठेवत नसे. आणि गाई दिराच्या गोठ्यात गेल्या की काय होतं हे बालागियाला पक्कं ठाऊक होतं. दूध जातं, शेण जातं, मग घर थंड पडतं, आणि जन्मभर दुसऱ्याच्या चुलीजवळ, दुसऱ्याने दाखवलेल्या जागी बसावं लागतं. त्या तिन्ही गाई मेहेलेने कालवडी असल्यापासून वाढवलेल्या होत्या. तिला त्या आपल्याच दारात हव्या होत्या.

"बरं," न्युकुलाय म्हणाला. "तर मग अट. आजीवर बर्फ धरला की तो सुटेपर्यंत रोज तू एकटीने बर्फ फोडून गाईंना पाणी उघडायचं. एक दिवस जरी गाई कोरड्या तोंडाने परतल्या, तर त्याच संध्याकाळी त्या माझ्या गोठ्यात, आणि तू माझ्या घरी. मुकाट्याने."

आजी म्हणजे आमचं तळं. वडीलधाऱ्या माणसाचं नाव कोण घेतं? म्हणून आमच्याकडे तळ्यालाही कुणी नावाने हाक मारत नाही.

"कबूल," बालागिया म्हणाली. "किर्गेलेय आजोबा साक्षीला."

"मी बहिरा आहे," किर्गेलेय म्हणाला, "पण हे ऐकलं."

मग पहार निवडायला सुरुवात झाली. बालागियाने मेहेलेची पहार सोबत आणली होती. ती नखशिखांत लोखंडी, तिच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच. किर्गेलेयने अंगणातल्या पिंपात गोठलेल्या पाण्याकडे बोट केलं. "मार." बालागियाने दोन्ही हातांनी ती उचलली, छातीपर्यंत नेली, त्याच्या वर ती काही जाईना. पहार बर्फावर पडली, ठोका बसलाच नाही. न्युकुलाय टोपी सारखी करण्याच्या निमित्ताने हसला. मग तिने भट्टीशी पडलेली शहरी बनावटीची एक बारीक पहार उचलून पाहिली. ती बर्फावर आपटून नुसती उसळायची.

"मला हलकी हवी," बालागिया म्हणाली.

"हलकी पहार बर्फाला गुदगुल्या करते," किर्गेलेय ओरडला. "वजन हवंच. पण ते खाली हवं. तू नुसती उचलायची आणि सोडायची, पुढचं तिचं ती बघेल." असं म्हणून तो भट्टीमागे गेला, पायाने राख उकरली आणि मला बाहेर काढलं.

तीन दिवस मी भट्टीत आणि ऐरणीवर होते. भाता फुसफुसत होता, सांडशी मला इकडून तिकडे फिरवत होती. किर्गेलेयने मला खाली चौकोनी निमुळतं टोक काढलं आणि वर दांडा बसवायला खोबण केली. बालागियाला भिंतीशी उभी करून तिच्या भुवईपर्यंत कोळशाने रेघ मारली आणि तेवढाच दांडा तासला. शेवटी मला लाल करून पाणी पाजलं. त्या दिवशी तो खुशीत होता, आणि त्या खुशीत त्याने मला जरा जास्तच कडक केलं. टोक असं झालं, की त्याने माझ्यावर नख फिरवलं आणि नखाचा तुकडा उडाला.

"एक रात्र बाहेर राहू दे," तो म्हणाला.

सकाळी त्याने मला ओंडक्यावर एकच ठोका मारला आणि माझ्या टोकाचा बोटाएवढा टवका उडाला. माझं काळीजच उडालं म्हणा ना. वाटलं, संपलं, परत राखेत. किर्गेलेयने तो टवका उचलून उजेडात धरला.

"चूक माझी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू बोलला. "थंडीत कडक लोखंड काचेसारखं होतं, हे मला माझ्या बापाने शिकवलेलं. धार काय, परत लावता येते." त्याने मला पुन्हा तापवलं, पुन्हा टोक काढलं, आणि या वेळी थोडं मऊ ठेवलं. दांडा बसवताना खिळा मारला नाही. खिळ्यापाशी लाकूड चिरतं म्हणे. नुसता ओला दांडा खोबणीत ठोकून बसवला, म्हणजे तो फुगून आपला आपण घट्ट राहील.

"आता ऐक," तो म्हणाला. "हिला घरात न्यायची नाही. गोठ्याच्या उत्तरेला उभी करायची."

"का आजोबा?"

"मी सांगतोय म्हणून."

फास बालागियाने स्वतः विणला, मेहेलेच्या घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. शेवटच्या ठोक्याला बर्फ फुटतो, तेव्हा ओल्या हातमोज्यातून पहार निसटते आणि सरळ तळ्यात जाते. म्हणून तो फास मनगटात अडकवायचा.

बर्फ माणसाचं वजन पेलण्याजोगा झाला, त्या दिवशी आम्ही दोघी तळ्यावर गेलो. तिने आधी आजीला धिरड्याचे तुकडे दिले. "आजी, रोज येणार आहे, कंटाळू नकोस," म्हणाली, आणि मला उचललं. पहिल्या आठवड्यात तिच्या तळहाताला फोड आले. दुसऱ्या आठवड्यात ते फुटले. तिसऱ्या आठवड्यात तिला आपली ठोक्यांची चाल सापडली. तीन छोटे ठोके कडेने, मग एक मोठा. तीन छोटे, एक मोठा. ती चाल मी अजून विसरलेले नाही.

काम काय, तर बर्फातच एक लांबट हौद खोदायचा, गुडघाभर खोल, आणि त्याच्या एका टोकाला खालच्या पाण्यापर्यंत अरुंद विहीर पाडायची. विहीर फुटली की पाणी आपोआप वर चढतं आणि हौद भरतो. गाई तिथे ओळीने पितात. मग वर गवताची चटई, चटईवर बर्फाचा भुगा. तरी रात्रीतून हौदावर पापुद्रा धरतोच आणि विहीरही आकसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोडायचं, झाऱ्याने तुकडे बाहेर काढायचे. हे रोज, आणि दर आठवड्याला खालचा बर्फ जास्त जाड.

डिसेंबरात धुकं इतकं दाट झालं की गाई आल्या हे त्यांच्या श्वासाच्या फुसकाऱ्यांवरून कळायचं. पुढे ठिपकी, मागे दोघी, तिघींच्या कासेला सशाच्या कातड्याची उबदार पिशवी बांधलेली. दुपारी न्युकुलाय आपल्या हौदापासून ओरडायचा, "वहिनी, आहेस की गोठलीस?"

"मी आहे! तूच बघ, नाक जागेवर आहे का?"

एकदा तिला ताप आला. त्या दिवशी ती चार ठोके मारायची, माझ्यावर कपाळ टेकून उभी राहायची, आणि पुन्हा चार ठोके मारायची. सूर्य मावळायला टेकला तेव्हा पाणी आलं. न्युकुलाय काठावर आला होता. त्याने पाण्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि परत गेला. मला वाटतं, त्याच दिवसापासून त्याला ही अट टोचू लागली असावी.

फेब्रुवारीत एका सकाळी तो बालागियाच्या दारात उभा राहिला. टोपी हातात.

"सांग बघू," बालागिया म्हणाली.

"सांगण्यासारखं काही नाही."

"मग दार उघडं ठेवून घर कशाला थंड करतोस?"

"माझी मोडली," न्युकुलाय जमिनीकडे बघत म्हणाला. त्याची शहरातून आणलेली चकचकीत पहार त्या सकाळी मधोमध तुटली होती, आणि अकरा गाई हौदापाशी हंबरत होत्या. "तुझी देतेस का आजच्यापुरती?"

"देणार नाही. ती माझ्या मापाची आहे. मी येते."

आणि ती गेली. आधी स्वतःच्या गाईंचं पाणी, मग त्याच्या. त्याचा हौद मोठा, विहीर खोल. तीन छोटे, एक मोठा. घामाने तिच्या पापण्यांवर बर्फ धरला. पाणी उसळून वर आलं तेव्हा अकरा गाई एकमेकींना ढकलत पुढे घुसल्या आणि न्युकुलाय तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे डोळे ओले होते, मी पाहिलं.

मित्रांनो, इथपर्यंत सगळं चांगलं झालं. घोळ झाला तो या चांगुलपणातूनच.

त्या संध्याकाळी न्युकुलाय सरकी नावाच्या माशांची एक टोपली घेऊन वहिनीकडे आला. येताना त्याने मला गोठ्याच्या भिंतीपासून दोन्ही हातांनी उचललं, घरात आणलं आणि चुलीशेजारी, उजव्या अंगाला, जिथे मानाच्या पाहुण्याला बसवतात तिथे उभं केलं.

"अरे, तिला बाहेर ठेव," बालागिया म्हणाली. "आजोबांनी सांगितलंय."

"जिच्यामुळे माझ्या अकरा गाई पाणी प्यायल्या, तिला थंडीत ठेवू? आमच्या घरात असं होत नाही वहिनी."

बालागियाने माझ्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं. घरात आलेल्या पाहुण्याला बाहेर घालवणं आमच्याकडे फार मोठं पाप. त्यातून, या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच हुकूम न सोडता काहीतरी दिलं होतं. तिला ते परत करवलं नाही. ती चहात दूध घालू लागली.

आणि माझं सांगू? मला आवडलं. खोटं कशाला बोलू? चुलीची धग पोटापर्यंत गेली, अंगावरचा बर्फ वितळून थेंब थेंब गळाला. घरात येणारे जाणारे माझ्याकडे बोट दाखवायचे आणि बालागियाच्या हिवाळ्याची गोष्ट सांगायचे. मी तर फुगून गेले. रोज सकाळी तळ्यावर, रोज संध्याकाळी चुलीशी, असे दहाबारा दिवस गेले. खोबणीत दांडा आकसत होता. ठोका मारला की आत कुठेतरी खुटखुट व्हायचं. मला ते जाणवत होतं, पण मानाची जागा सोडवत नव्हती.

मार्चमध्ये बर्फ बालागियाच्या छातीइतका जाड झाला. त्या सकाळी तिने हौद साफ केला आणि विहिरीत वाकून ठोके घालू लागली. तीन छोटे, एक मोठा. तीन छोटे, आणि मोठ्या ठोक्याला बर्फ फुटला, पाणी उसळलं, आणि मी सुटले. दांडा वर तिच्या हातात राहिला, फास मनगटात राहिला. मी, म्हणजे सगळं लोखंड, तळ्याच्या पोटात खाली खाली गेले आणि तीन पुरुष खोल गाळात रुतून बसले.

वर मला एक छोटासा हिरवट उजेड दिसत होता. तीच विहीर. गाई प्यायल्याचा आवाज आला. आजचं भागलं. पण उद्या?

पुढचं मला नंतर दांड्याने सांगितलं, तो तिथे होता ना. बालागिया दांडा घेऊन किर्गेलेयकडे गेली. न्युकुलायही धावत आला. किर्गेलेयने दांड्याचं टोक बोटांनी चाचपलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"ही चुलीजवळ होती."

त्याने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं.

"कुणी ठेवली?"

"मी," न्युकुलाय म्हणाला. "मान म्हणून."

"मान!" किर्गेलेय असा ओरडला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. "माशाला मान म्हणून पलंगावर निजवशील? पहारेला थंडी लागत नाही रे! थंडीतच तिचं लाकूड घट्ट राहतं. नवीन करायला मला परवाची सकाळ उजाडेल. उद्या काय करणार?"

"उद्या मी उघडतो," न्युकुलाय म्हणाला. "माझ्या हातून झालंय. वहिनी, अट मोडली, संपली. मी काढून घेतली."

"नाही," बालागिया म्हणाली.

"अगं, पण चूक माझी!"

"चूक तुझी, अट माझी. आज तू काढून घेशील, उद्या मी पुन्हा तापाने पडले की परत घालशील. मायेनेच घालशील, मला माहीत आहे. ती पुरी होऊ दे भाऊजी. पुरी झाली की कुणाला परत घालता येणार नाही."

भाऊजी! इतक्या वर्षांत ती त्याला नुसतं न्युकुलाय म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळातून वर बघत होते. हिरवा उजेड नव्हता. विहीर रात्रीतून मिटली होती. मग दूरवर गाईंची पावलं ऐकू आली, बर्फातून ती पावलं खाली फार स्पष्ट ऐकू येतात. ठिपकीची चाल मी ओळखली. आणि मग ठोका. जड, माझ्या दुप्पट जड. मी मनात म्हटलं, गेली अट, न्युकुलायच ठोकतोय, मेहेलेच्या त्या अवजड पहारेने. दुसरं कोण तिला उचलणार? मला स्वतःचा इतका राग आला, की लोखंडाला रडता येत असतं तर मी रडले असते.

पण मी कान देऊन ऐकलं. तीन छोटे. एक मोठा. थांबणं. श्वास. पुन्हा तीन छोटे, एक मोठा.

मित्रांनो, तशी ठोकणारी गावात एकच होती.

शरदात जी पहार तिला छातीच्या वर नेता आली नव्हती, ती तिने आता डोक्यावर नेली होती. रोज रोज माझ्याशी झगडून तिच्या हातांत ते बळ आलं होतं, आणि ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. न्युकुलाय काठावर उभा होता. दांडा सांगतो, तो दोनदा पुढे झाला आणि दोन्ही वेळा स्वतःच मागे हटला. दुपार कलली. माझ्या डोक्यावर आधी एक करडा डाग उमटला, मग तो हिरवा झाला, आणि मग फटकन उजेडाचा ठिपका पडला. पाणी वर चढलं. ठिपकी इतका वेळ प्यायली, की मागच्या दोघींना धीर धरवेना.

मी तळाशी एकटी होते, पण मला जितकं बरं त्या क्षणी वाटलं तितकं चुलीशी कधी वाटलं नव्हतं.

बालागिया गाई घेऊन गेली आणि न्युकुलाय कामाला लागला. बर्फाखालून जाळं ओढायला वापरतात तसला लांबलचक वासा त्याने आणला, टोकाला लोखंडाचा आकडा बांधला, बर्फावर पालथा पडला आणि विहिरीतून मला चाचपडू लागला. एक दिवस गाळ वर आला. दुसऱ्या दिवशी जुनी बादली. लोक येऊन चेष्टा करून गेले, "न्युकुलाय, आजीच्या पोटात काय शोधतोस?"

"चूक," तो म्हणायचा आणि पुन्हा पालथा व्हायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी आकडा माझ्या खोबणीत शिरला. मी वर आले. न्युकुलायच्या दाढीला बर्फाच्या काड्या लोंबत होत्या आणि तो लहान मुलासारखा हसत होता. किर्गेलेयने नवीन टोक तयार केलं होतं, पण बालागिया म्हणाली, "ते ठेवा भाऊजींसाठी. त्या सांधलेल्या पहारेवर किती दिवस काढणार?" मग माझ्यात नवीन दांडा बसवला, ओला, खिळ्याशिवाय, आणि जुन्या दांड्याचा फास त्याला बांधला. जुना दांडा शेजारी उभा केला, तो अजून तिथेच आहे. संध्याकाळी न्युकुलायने मला उचललं. दारापर्यंत आला, थांबला, जिभेने चक् केलं आणि वळून गोठ्याच्या उत्तरेला गेला. तिथे त्याने मला नीट टेकवून उभं केलं, मागे सरून पाहिलं आणि माझ्यापुढे टोपी काढली. त्याच्याकडून मिळालेला खरा मान तो.

मे महिन्याच्या अखेरीस तळ्याच्या काठाला पाणी सुटलं. गाई हौदाकडे न बघता थेट काठावर गेल्या आणि आपल्या आपण प्यायल्या. बालागिया मला खांद्यावर घेऊन उभी होती. न्युकुलाय आला.

"वहिनी, अट संपली."

"कुठली अट?" बालागिया म्हणाली, आणि दोघंही हसत सुटली.

ती चूल पुढे एकतीस हिवाळे पेटत राहिली. माझे दांडे तीनदा बदलले, टोक बोटभर झिजलं. आता बालागिया नाही. तिच्या घरात न्युकुलायची नातसून राहते, तिच्या गोठ्यात पाच गाई आहेत आणि इंजिनावर चालणारा बर्फाचा गिरमिटही आहे. कडाक्याची थंडी पडली की तो गिरमिट सुरू होत नाही. मग ती घाईघाईने बाहेर येते आणि भिंतीकडे हात लांबवते. मी तिथे असायला हवी.

म्हणून मित्रांनो, तुमची माया मला कळते, पण तुमच्या संग्रहालयाच्या खोलीत भिंतीला गरम नळ आहेत, हेही मला कळलं आहे. कुठल्याही वस्तूवर, जनावरावर, माणसावर माया करा, मनापासून करा. फक्त आधी पाहा, त्याला काय मानवतं ते. न्युकुलायने आधी वहिनीला आपल्या चुलीशी बोलावलं, मग मला नेऊन बसवलं. दोन्ही वेळा त्याचं मन चांगलंच होतं. तेवढंच पुरलं असतं, तर मी तळ्यात गेले नसते.

जुना दांडा न्या हवं तर. तो चुलीशी वाळलेलाच आहे, त्याला ऊब बाधणार नाही, आणि गोष्ट त्याला माझ्यापेक्षा चांगली सांगता येते. माझी चिठ्ठी मात्र सोडा. लाल दोरी राहू द्या, धुक्यात लांबून दिसेल.

आणि त्या दोन वेण्यांच्या मुलीला सांगा, मला बघायचं असेल तर उद्या तळ्यावर ये. जाड हातमोजे घाल. फास मनगटात कसा अडकवायचा ते मी दाखवीन, आणि मग तीन छोटे, एक मोठा. गाई तोवर ओळीत उभ्या असतील.